मेनार्ड फर्ग्युसन यांच्यावर अन्याय

‘मेनार्ड फर्ग्युसन म्हणजे नुसती उंच सुरांची कसरत’ हे रविवार पुरवणीतील लेखातले मत मुळीच पटले नाही. कॅनडात जन्मलेल्या या ट्रम्पेटवादकाच्या वाजवण्यात झगमगाट होता, हे मान्य. ‘रॉकी’ चित्रपटातील गाण्याची १९७७ ची त्यांची आवृत्ती जॅझच्या जाणकारांना खटकते, त्यावर मी वाद घालणार नाही. पण तेवढ्यावरून सारी कारकीर्द निकालात काढणे बरोबर नाही.

मी तीस वर्षे ट्रम्पेट वाजवतो. वरच्या सप्तकात चार-पाच मिनिटे राहिले की ओठ बधिर होतो, माउथपीसचे लाल कडे उमटते आणि पुढचा सूर हमखास घसरतो. फर्ग्युसन तिथे पोहोचून निवांत गात असल्यासारखे वाजवत. १९५० च्या दशकाच्या आरंभी, स्टॅन केंटन यांच्या वाद्यवृंदात असतानाचे त्यांचे ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे.

लेखात त्यांच्या स्वतःच्या वाद्यवृंदाविषयी मात्र चकार शब्द नाही, आणि खरा वारसा तर तोच आहे. १९५९ मध्ये पियानोवादक जो झाविनुल आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर तिथेच एकत्र वाजवत होते. पुढे याच दोघांच्या पुढाकाराने ‘वेदर रिपोर्ट’ हा गाजलेला जॅझ-फ्यूजन गट उभा राहिला. ट्रॉम्बोनवादक आणि संगीतरचनाकार स्लाइड हॅम्प्टन यांच्या रचनाही तिथेच गाजल्या. नव्या, अननुभवी वादकांना फर्ग्युसन यांनी अखेरपर्यंत सोबत घेतले. साठच्या दशकाच्या अखेरीस तर त्यांनी आंध्रातील ऋषी व्हॅली शाळेत मुलांनाही शिकवले.

– एक ट्रम्पेटवादक, मडगाव