‘झुंज अपयशी ठरली’ हे शब्द टाळावेत

संपादक महोदय,

दीर्घ आजाराने कुणी गेले की वर्तमानपत्रांत ‘अखेर त्यांची मृत्यूशी झुंज अपयशी ठरली’ हे वाक्य हमखास छापले जाते. तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या निधनाच्या बातमीतही ते होते. तेव्हापासून सलणारी गोष्ट या पत्रातून मांडतो आहे.

ताई माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरल्यावर, आणखी केमोथेरपीने फारसा फरक पडणार नाही हे डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन तिने उपचार थांबवले आणि ती घरी आली. ‘हार मानू नकोस’ असे मीच तिला वारंवार म्हणत राहिलो. त्याची खंत आजही जात नाही, कारण हाताशी उरलेल्या मोजक्या दिवसांतले कितीतरी दिवस तिला माझी समजूत घालण्यात घालवावे लागले. नंतरचे सात आठवडे मॉर्फिनच्या गोळ्यांनी वेदना आटोक्यात राहिल्या. तिने बँकेची कागदपत्रे लावून ठेवली, धाकट्या काकांशी वीस वर्षे धरलेला अबोला सोडला आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत शेजारच्या मुलीकडून भूमितीची प्रमेये सोडवून घेतली. यातले अपयश नेमके कोणते?

जन्माला आलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला जे येणारच, त्याला अपयश म्हटले तर कोणाचेच आयुष्य यशस्वी ठरणार नाही. औषध असूनही माणूस तळमळत जातो, किंवा नातलग अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ताटकळत असताना आत नळ्यांच्या गर्दीत त्याचे शेवटचे बोलणे राहून जाते, ते मात्र खरोखरच अपयश आहे, आणि ते रुग्णाचे नाही. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६ पासून बरे न होणाऱ्या कर्करुग्णांची शुश्रूषा होते, पुण्यात वारज्यालाही असे केंद्र आहे. तरी तिथे जाणे म्हणजे शस्त्रे टाकणे, असा समज घरोघरी आढळतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून उपचारांविषयीचे इच्छापत्र आधीच करून ठेवण्याची मुभा दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. मात्र त्या इच्छेप्रमाणे वागण्याची वेळ येते तेव्हा घरच्यांना ‘आपण प्रयत्नांत कमी पडलो’ ही टोचणी लागते, आणि बातम्यांतली ही भाषा तिला खतपाणी घालते.

आपल्या मराठीला अशा शब्दांची गरजही नाही. निवर्तले, देवाज्ञा झाली, कैलासवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी या शब्दांत गेलेल्या माणसाला कुठेही पराभूत ठरवलेले नाही. आपल्या वार्ताहरांना व उपसंपादकांना ही एवढी सूचना द्यावी, अशी नम्र विनंती आहे. ताईसाठी ‘दीर्घ आजारानंतर राहत्या घरी निवर्तल्या’ एवढे छापले असते, तरी पुरेसे होते.

– एक नियमित वाचक, वाई (जि. सातारा)