आंबवल्याने बुरशीचे धान्य शुद्ध होत नाही

महोदय,

अंडी देणाऱ्या कोंबड्यांना धान्य आंबवून खाऊ घालावे, असा सल्ला परसबागेत कुक्कुटपालन करणाऱ्यांमध्ये आता सर्रास दिला जातो. हा सल्ला चुकीचा नाही. मात्र पावसात भिजलेला मका किंवा काळी पडलेली ज्वारीही आंबवली की कोंबड्यांना चालते, अशी जोड त्याला दिली जाते, ती अत्यंत घातक आहे.

भरडलेले धान्य पाण्यात बुडवून झाकून ठेवले की त्यावर मुळातच असलेले, लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढू लागतात आणि मिश्रणाचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साडेचारच्या आसपास उतरतो. एवढ्या आंबटपणात साल्मोनेलासारख्या रोगजंतूंची वाढ रोखली जाते, तसेच धान्यात फायटेट या संयुगाच्या रूपात अडकलेल्या फॉस्फरसचा काही भाग मोकळा होऊन कोंबडीच्या अंगी लागतो. डेन्मार्कमध्ये झालेल्या एका अभ्यासात आंबवलेले ओले खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांनी कमी खाद्यात जवळपास तेवढेच उत्पादन दिले व अंड्यांचे कवचही मजबूत झाले; परंतु त्यांच्यात आक्रमकता अधिक दिसली आणि पिसांची अवस्थाही खालावली, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

बुरशीचा प्रश्न वेगळा आहे. अस्परजिलस बुरशी ओलसर मक्यावर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. आंबटपणामुळे बुरशीची वाढ मंदावली, तरी आधीच तयार झालेले विष खात्रीने नष्ट होत नाही. ते शिजवल्यानेही जात नाही. त्याचा पहिला आघात यकृतावर होतो, अंडी घटतात, प्रतिकारशक्ती ढासळते आणि लस देऊनही पुरेसे संरक्षण मिळत नाही. विषाचा अंश अंड्यातही उतरू शकतो, म्हणजे तो आपल्याच मुलांच्या ताटात येतो. बुरशीचा वास येणारे, हिरवट-काळे डाग पडलेले किंवा गोळे झालेले धान्य बादलीत टाकूच नये. चांगल्या आंबवणाला इडलीच्या पिठासारखा आंबूस वास येतो. कुजका वास आला किंवा वर रंगीत केसाळ थर दिसला, तर सगळे मिश्रण पुरून टाकावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात धान्य आंबायला एक दिवसही पुरतो. धान्य सतत पाण्याखाली राहावे, भांडे प्लॅस्टिकचे किंवा चिनी मातीचे असावे आणि गव्हाणीत उरलेले ओले खाद्य त्याच दिवशी काढून टाकावे.

नुसते धान्य, आंबवलेले असले तरी, अंड्यावरच्या कोंबडीला पुरत नाही. तिच्या आहारात साधारण १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागते; त्यासाठी सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड आणि शिंपल्यांचा चुरा द्यावाच लागतो. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस तर कोणत्याही खाद्याने टळत नाही.

खरिपाचा मका बाजारात येण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रांनी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांनी धान्य वाळवण्याची व साठवणुकीची माहिती गावोगाव द्यावी, आणि लहान कुक्कुटपालकांनाही अफ्लाटॉक्सिनची तपासणी परवडणाऱ्या दरात तालुक्याच्या ठिकाणी करून मिळावी, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

– एक कुक्कुटपालक, संगमनेर