चकोट केलेले डोके आणि मुलाचे वय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराईच्या तोंडावर आपल्या सीमाभागात स्थळे पाहताना मुलाच्या केसांची जेवढी चौकशी होते, तेवढी त्याच्या तब्येतीचीही होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या धाकट्या भावाचे केस सव्विसाव्या वर्षापासून विरळ होऊ लागले. तेले, लेप, कांद्याचा रस, सगळे करून झाले. दोन वर्षे तो एका कानावरचे केस दुसऱ्या बाजूला ओढून, चारचौघांत टोपी न काढता वावरला. अखेर दिवाळीनंतर शहापुरातल्या नेहमीच्या सलूनमध्ये जाऊन त्याने सरळ वस्तरा फिरवून घेतला. पहिले पंधरा दिवस कठीण गेले. चेहरा उन्हाने रापलेला आणि टाळू पांढुरकी, त्यामुळे कपाळावर रेघ ओढल्यासारखी दिसे. गणपत गल्लीत ओळखीचे लोक जवळ येऊन हलक्या आवाजात ‘घरात कोण वारलं काय?’ असे विचारत, आणि नाही म्हटले की ‘मग तिरुपतीला जाऊन आलास होय?’ हे ठरलेले. सुतक आणि नवस यांखेरीज कोणी चांगले दिसावे म्हणून डोके चकोट करील, हे आपल्या लोकांच्या मनातच येत नाही.

चकोट केल्याने माणूस वयस्क दिसतो, हेही सरसकट खरे नाही. दाट काळ्या केसांचा पंचविशीतला मुलगा केस काढल्यावर थोराड दिसतो, हे मान्य. परंतु ज्याचा माथा उघडा पडला आहे आणि कानशिलांवर तेवढी पांढरी झालर उरली आहे, त्याचे वय ती झालरच सांगत असते. ती निघाली की चेहरा उजळतो आणि नजर भुवयांवर, डोळ्यांवर जाते. अर्थात पांढरी दाढी तशीच ठेवली, तर गेलेले वय परत येते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन संस्थेतील अल्बर्ट मॅन्स यांचा या विषयावरील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच पुरुषांची छायाचित्रे केसांसह आणि संगणकावर केस काढून दाखवली, तेव्हा केस नसलेले पुरुष अधिक वचक असलेले, सुमारे एक इंच उंच आणि १३ टक्के अधिक बळकट वाटले. मात्र वयाने मोठे आणि दिसायला काहीसे डावेही वाटले. तरीही केस विरळ होत चाललेल्यांना डोके पूर्ण चकोट करणे फायद्याचे ठरू शकते, असेच मॅन्स यांनी सुचवले आहे. भावाच्या बाबतीत मी हे डोळ्यांनी पाहिले. टोपी सुटली आणि तो ताठ मानेने चालू लागला.

एका मध्यस्थांनी त्याचा पाच वर्षांपूर्वीचा, केसांचा फोटो मागितला होता. आम्ही तो दिला नाही. बायोडाटावर आताचाच लावला आहे. वधूपक्षाच्या मंडळींनी नुसत्या फोटोवरून नकार न कळवता एकदा घरी येऊन मुलाशी बोलावे, एवढीच आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव