गच्चीवरच्या काळ्या छत्रीसाठी

आदरणीय सर,

सादर प्रणाम. प्रबंधाच्या आभारपानावर नाव घालू नकोस, असे आपण मला बजावलेत, म्हणून येथेही ते घेत नाही. परंतु गप्प राहणे मला जमत नाही, कारण मार्चमधली ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

कारवारच्या किनाऱ्यावरून बेळगावला आणलेल्या गाळात मी अँथ्रासीन आणि फ्लुओरँथीन मिसळले होते. तेल आणि कोळसा जळताना निघणारी ही संयुगे समुद्राच्या तळाशी जाऊन बसतात. त्या गाळात दहा दिवस ठेवलेले ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबीचे चिमुकले भाऊबंद, ट्यूबलाइटखाली जिवंत राहिले, तेव्हा ज्यांच्यावर मार्गदर्शनाची जबाबदारी होती त्यांनी वही न उघडताच "निरुपद्रवी असे लिही आणि मोकळी हो" एवढे सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणी दोन तास बाकावर बसवून, समुद्राचे काम बेळगावात कशाला, असे विचारून मला परत पाठवण्यात आले. ते शब्द आजही बोचतात.

आपण शहापुरातल्या घराच्या ओसरीवर तीच वही पहिल्या पानापासून वाचलीत आणि विचारलेत, "ओहोटीच्या वेळी या जिवांवर कोणता उजेड पडतो गं?"

सगळे त्या प्रश्नात होते. ही संयुगे प्राण्याच्या शरीरात साठतात आणि अंधारात त्यांचा घातकपणा फारसा दिसत नाही. ऊन पडले की ती अतिनील किरण, विशेषतः 320 ते 400 नॅनोमीटरचे, शोषून घेतात, ती ऊर्जा ऑक्सिजनला देतात आणि तो उत्तेजित ऑक्सिजन पेशींची पटले फाडतो. गढूळ पाण्यात हे किरण खोल पोहोचत नाहीत, गाळात पुरलेला जीव म्हणूनच बचावतो. पण तोच जीव उथळ, नितळ पाण्यात वर आला, की अंगात साठलेले विष उन्हात जागे होते. अँथ्रासीनच्या पाण्यातले मासे उन्हात मरतात आणि सावलीत तगतात, हे 1983 मध्येच प्रसिद्ध झाले होते. मला ते कोणीही सांगितले नव्हते.

मग आपल्या गच्चीवर, गाळातून काढलेले ॲम्फिपॉड स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बशांत घालून आपण मांडले. उष्णतेने मेले असे कोणी म्हणू नये म्हणून बशांखाली बर्फाच्या पाण्याच्या पराती ठेवल्या. सावलीसाठी बांधलेले कापड वाऱ्याने दोनदा उडाले, तेव्हा आपण आतून काळी छत्री आणलीत आणि अर्ध्या बशांवर ती धरून, स्वतःचे डोके उन्हात ठेवून, दुपारभर उभे राहिलात. मी छत्री मागितली तर म्हणालात, "तू मोजत राहा, मोजणाऱ्याचा हात मोकळा हवा."

उघड्यावरच्या बशांतले बहुतेक जीव संध्याकाळपर्यंत निपचित पडले. छत्रीखालचे पोहत होते. स्वच्छ गाळातून आलेले भर उन्हातही पोहत होते, आणि तेवढ्यावरून दोष एकट्या उन्हाचा नाही हे कळले. आपले नाते ना रक्ताचे ना गावाचे, मी खानापूरकडची, तरी सत्तरी ओलांडलेल्या माणसाने परक्या मुलीच्या कामासाठी ऊन सोसावे, अशा सज्जनपणावरच आमच्यासारख्यांची शिक्षणे पार पडतात.

वाऱ्याने त्या छत्रीची एक काडी मोडली होती. ती मी दुरुस्त करून आणली आहे. रविवारी घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी