शेवटचे चार महिने हिशोबात का नाहीत?

संपादक, स.न.वि.वि.

माझ्या धाकट्या जावेचं सांगते. सासूबाईंच्या आजारपणामुळे ती दोन वर्षं घरी होती, मग 1 ऑगस्टला परत पॅकिंगच्या कामाला लागली, पगार 13 हजार, ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी विमा योजनेचा) पाऊण टक्का पहिल्याच पगारातून कापायला सुरुवात. डिलिव्हरीची तारीख फेब्रुवारीतली. जानेवारीअखेरपर्यंत पोट सांभाळत उभ्याने काम केलं तिने आणि बाळंतपणाच्या पगारासाठी ईएसआयकडे कागद दिले तर उत्तर आलं की अटीतले 70 दिवस भरत नाहीत, 61च आहेत.

त्या रात्री ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून पेनाने एकेक दिवस खुणा करत बसली होती. सहा महिन्यांत खाडे फक्त चार. आम्हाला वाटलं कंपनीनेच दिवस कमी भरले, पण तसं नव्हतं, नियमच तसा आहे. जानेवारी ते जूनमध्ये बाळंतपण असेल तर आधीच्या 30 सप्टेंबरला संपणारं वर्षच धरतात, म्हणजे तिचे ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढेच, झाले 61. ऑक्टोबर ते जानेवारी काम केलं, पैसेही कापले गेले, पण या बाळंतपणासाठी ते दिवस मोजायचेच नाहीत!

आता दुसरी बाजू बघा. जिचा पगार 21 हजाराच्या वर आहे म्हणून ती ईएसआयमध्ये नाही, तिला बाळंतपणाचा पगार थेट कंपनी देते आणि तिला अट आहे डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस कामाची. म्हणजे आमच्या जावेसारखीच 1 ऑगस्टला लागलेली सुपरवायझर बाई अटीत बसते आणि तिच्या हाताखाली खोके भरणारी बसत नाही. 70 हा आकडा 80 पेक्षा कमी दिसतो म्हणून सगळ्यांना वाटतं गरीब बाईला सवलत आहे, प्रत्यक्षात तिचे सगळ्यात जड दिवसच वगळलेत. 26 आठवड्यांचा पूर्ण पगार, तिच्या हिशोबाने जवळजवळ 78 हजार, नऊ दिवसांसाठी गेले. कंपनीला विचारलं तर म्हणे तू ईएसआयची, आमचा संबंध नाही.

सहा महिन्यांचे ठरावीक तुकडे पाडून दिवस मोजणं, पूर्वी रजिस्टरवर हाताने हिशोब व्हायचा तेव्हा समजू शकते. आता दर महिन्याला कोणाचे किती दिवस भरले ते ऑनलाइन जातं ना, मग डिलिव्हरीच्या आधीच्या महिन्यापर्यंतचे दिवस धरायला काय अडचण आहे? ईएसआयनेही मागचे 12 महिनेच धरावेत, अट पाहिजे तर 80 करा, आमची तक्रार नाही.

आणि नियम बदलेपर्यंत निदान नव्याने लागणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी हे कोणीतरी समजावून सांगा. जाऊबाई 20 जुलैला लागू शकत होती, कंपनी तेव्हाच बोलवत होती, आम्हीच म्हटलं महिना सुरू झाला की जा.

एक वाचक