अनुराधपूरहून निखिलला

प्रिय निखिल,
जय भीम.

तुझी शुगर निघाल्याचं ताईनं सांगितलं तेव्हा आम्ही विमानतळावर रांगेत होतो. त्या गडबडीत तुला फोन लावला आणि भांडणच झालं. "माझं मी बघतो" म्हणालास, ठेवून दिलास. म्हणून शुगरचा विषय काढणार नाही. आम्ही काय पाहिलं तेवढंच लिहिते.

अनुराधपूर म्हणजे श्रीलंकेची मोडून पडलेली जुनी राजधानी. हजार वर्षांहून जास्त काळ इथून राज्य चाललं, ९९३ मध्ये चोळांची स्वारी झाली आणि पुढे रान माजलं. जाल तिकडे नुसते दगडी खांब उभे, वरचं लाकूड कधीच गेलेलं. जेतवन स्तूपापाशी बाबा विटेवर हात ठेवून किती वेळ उभे होते. महासेन राजानं बांधायला घेतलेला, सगळा विटांचा, मूळ उंची १२२ मीटर. त्या काळात याहून उंच म्हणजे गिझाचे दोन पिरॅमिड. पीडब्ल्यूडीत जन्म काढलेल्या माणसाला आणखी काय हवं!

इथल्या महाबोधी वृक्षाजवळ आमच्या ग्रुपनं त्रिशरण म्हटलं. दीक्षाभूमीवरचा आपला बोधिवृक्ष इथल्याच झाडाचा, त्यामुळे कुंदामावशीला रडू आवरेना. अशोकाची लेक संघमित्रा इथं बोधिवृक्षाची फांदी घेऊन आली ती परत गेलीच नाही, तिचा भाऊ महेंद्रही नाही. अशोकापेक्षा मी बरी, तुझं पुणं तरी आहे.

हे सगळं तुझ्या पैशानं पाहिलं. मुलानं पाठवलं, हे मी बसमध्ये इतक्यांदा सांगितलं की बाबांनी कोपर मारलं.

रुवनवेलीसाय स्तूपाला चपला बाहेर काढाव्या लागतात. भर दुपारी फरशी अशी तापलेली की आम्ही सगळ्या बायका टाचांवर उड्या मारत सावलीकडे पळालो. हसत होते, आणि मध्येच हसू गेलं. आबांना हे चटके कळलेच नसते. बुटात खिळा वर आलेला, दिवसभर तसेच फिरले, रात्री मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. तू दुसरीत होतास, तुला मामाकडे धाडलं होतं, म्हणून तुला आठवतात ते कुबडीवालेच आबा. ते सायकलवरून शाळेत सोडायचे ते तुला आठवतच नाही. रात्री झोपताना तळवे बघायचे बरं का, बोटांच्या बेचक्यासुद्धा.

राहू दे. लिहिणार नव्हते.

हाच स्तूप पुरा व्हायच्या आत दुट्ठगामणी राजा मरणाला टेकला. मग त्याच्या भावानं, सद्धातिस्सानं, अर्धवट बांधकामाला पांढरं कापड गुंडाळलं, वर बांबूचं शिखर उभं केलं आणि पालखीत निजलेल्या राजाला लांबून दाखवलं. झालं बघ पुरं! गाईडची गोष्ट संपली तसे सगळे "साधु साधु" म्हणाले. मला मात्र राग आला. इतके दिवस व्हिडिओ कॉलवर हसून "सगळं ठीक" म्हणत होतास, ते हेच कापड ना? आम्ही मरायला टेकलेलो नाही, निखिल. जे आहे ते दाखव.

मग मिहिंतले. डोंगराच्या पायथ्याशी नवव्या शतकातल्या दवाखान्याचे अवशेष आहेत. मधे चौक, भोवती रोग्यांच्या लहान लहान खोल्या, आणि एक दगडी कुंड. एकाच शिळेत माणसाच्या आकाराचा खड्डा कोरलाय: डोक्याची जागा, खांदे, पुढे पाय. रोग्याला त्यात निजवून औषधी तेलात, काढ्यात ठेवत. तू त्यात मावशील का, हे मी उभ्या उभ्या डोळ्यांनी मोजलं. वेडेपणाच. पण हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या दुखण्याखुपण्याची एवढी सोय होती, आणि तुला कंपनीचा विमा असून डॉक्टरकडे जायला सवड मिळत नाही? सकाळची गोळी उपाशीपोटी की जेवणानंतर, एवढं तरी नीट विचारलंस का?

झालं पुन्हा सुरू माझं. माफ कर. शाळा सुटली तरी शाळेतल्या बाईंचा बाईपणा सुटत नाही. पण गोळी चुकवू नकोस.

उद्या कँडी. १९५० मध्ये बाबासाहेब तिथं बौद्ध परिषदेला आले होते, बाबांचा सगळा जीव तिकडे लागलाय. मिहिंतलेच्या १८४० पायऱ्या गुडघा धरून चढले, मला मागे ठेवून. त्यांना अजून काही माहीत नाही. विमानतळावर तू का चिडलास विचारत होते, मी म्हटलं, ऑफिसचं काहीतरी. आम्ही घरी पोचलो की तूच फोन कर आणि तूच सांग, माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि सांगताना आबांचं नाव काढू नकोस.

तुझी,
आई