टोकियो बुडालं, तरी होडाका चुकला नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माकोतो शिनकाई यांच्या ‘वेदरिंग विथ यू’ या जपानी ॲनिमेशनपटावर आपल्याकडचे ॲनिमेप्रेमीसुद्धा एक ठपका हमखास ठेवतात: जिच्या बळीनं पाऊस थांबणार होता त्या हिनाला होडाका या पोरानं वाचवलं आणि एका मुलीपायी अख्खं शहर बुडवलं, ही कसली प्रेमकथा? त्यांच्याच ‘युवर नेम’मध्ये (२०१६) गावातली माणसं वाचतात म्हणून तिथला नायक थोर आणि इथं टोकियो पाण्याखाली जातं म्हणून हा स्वार्थी, असा तो हिशेब. तो चूक आहे, आणि कोल्हापूरकरांना तरी हे लवकर पटावं.

पन्नास हजारांहून अधिक चाहत्यांनी ऑनलाइन सह्या केल्यानंतर ११ ऑक्टोबर २०१९ रोजी हा चित्रपट भारतात आला. त्याआधी दोनच महिने पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी ४३ फूट. चिखली, आंबेवाडी पाण्यात होती, शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. त्या पुराच्या कारणांवर आपण अजून भांडतो: पाणलोटातला पाऊस, धरणांचा विसर्ग, पूररेषेच्या आतली बांधकामं. पण एखाद्या पोरीनं जीव दिला असता तर पाणी उतरलं असतं, असं कुणी म्हणालं तर त्याला आपण दारात उभं करणार नाही. चित्रपटात होडाकाला काम देणारा सुगा जवळपास हेच बोलतो: एकाच्या बळीनं पाऊस थांबणार असेल तर सगळ्यांना ते हवंच असेल. आणि बळी कुणाचा? वय वाढवून सांगून कामं शोधणाऱ्या, धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या पंधरा वर्षांच्या हिनाचा.

शेवट नीट पाहायला हवा. तीन वर्षं पाऊस थांबलेला नाही. जुनं घर सोडून उंच इमारतीत राहायला गेलेली एक ओळखीची आजी होडाकाला समजावते, की हा भाग एकेकाळी समुद्रच होता, तो पुन्हा तसा झाला इतकंच. सुगा म्हणतो, जग पहिल्यापासूनच वेडं आहे, मनाला लावून घेऊ नकोस. दोघांनीही त्याला सुटायला वाट करून दिलीय. होडाका ती घेत नाही. हिना समोर दिसताच त्याला कळतं, की जग आपणच बदललं, आपण निवड केली. आपल्या निर्णयाची किंमत जो स्वतःच्या नावावर लिहून घेतो त्याला स्वार्थी कसं म्हणायचं? ‘सुझुमे’ (२०२२) नंतरचा आणि बांधेसूद आहे, पण त्यात २०११ च्या भूकंपाचं दुःख इतकं मोठं आहे की प्रेम बाजूला राहतं. प्रेमकथा म्हणून मला २०१९ चाच सरस वाटतो. होडाकाला सापडलेल्या पिस्तुलाचं उपकथानक मात्र कच्चं आहे.

या चित्रपटाचा पाऊस बारकाईनं बघण्यासारखा आहे. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी ॲनिमेत पात्रांची हालचाल बहुधा १२ किंवा ८ चित्रांवर भागवतात. पाऊस इतक्या थोड्या चित्रांत केला तर थेंब तुटक उड्या मारतात. शिवाय तो एकाच थरात काढून चालत नाही. जवळची सर लांब, पुसट आणि वेगवान लागते, दूरची बारीक आणि संथ. जमिनीवर उडणारे शिंतोडे आणखी वेगळे. सगळ्यांचा वेग एकच ठेवला तर चित्रावर ओरखडे काढल्यासारखं दिसतं. सावल्याही इथं नुसत्या काळ्या नाहीत, ओल्या डांबरावर दुकानांच्या पाट्यांचे रंग उतरलेले असतात. आणि एवढ्या आभाळाखाली हिना खिडकीत वाढवलेली हिरवी पात कात्रीनं कापते, बटाटा वेफर्सचा चुरा करून फोडणीच्या भातात घालते. प्रेम जमतं ते त्या ताटावर.

शाहू स्मारकात चित्रपट दाखवणाऱ्या मंडळींना विनंती, की पावसाळ्यात हा चित्रपट मूळ जपानी आवाजात लावावा. काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतील. चित्रचौकट १६:९ च्या प्रमाणात आहे. रुंद पडदा भरण्यासाठी झूम केलं तर वरचं आभाळ आणि खालची सबटायटल्स दोन्ही कापली जातात. बाजूला काळे पट्टे राहू द्यावेत. पांढरी अक्षरं उजळ ढगांवर विरतात, म्हणून त्यांना काळी कड हवी. आवाजाची पातळी संवादांवरून ठरवावी. रॅडविम्प्स या बँडची गाणी मोठ्या आवाजातली आहेत, त्यांच्यावरून ठरवली तर पुढं पावसाचा बारीक आवाज ऐकूच येत नाही. लांबी ११२ मिनिटं, त्यामुळं मध्यंतराची गरज नाही. घ्यायचंच असेल तर आतषबाजीचा प्रसंग पूर्ण झाल्यावर घ्यावं, गाणं मध्येच तोडू नये.

घरी टीव्हीवर पाहणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग आधी बंद करावं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसवतो, त्यानं पात्रांच्या कडा फरफटतात. ‘व्हिव्हिड’ मोडही नको, त्यात ढगांच्या पांढऱ्या छटा एकमेकींत मिसळून जातात. ‘सिनेमा’ मोड ठेवावा आणि खोलीतला दिवा मालवावा.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर